वाढत्या पायाचे जोडे : वडीगोद्री परिसरातील लहान मुलांच्या टिकाऊ पादत्राणांचा आढावा

लहान मुलाचा जोडा दोन कारणांनी निकामी होतो. एक तर तो फाटतो, नाही तर पाय त्यात मावेनासा होतो. मोठ्या माणसाच्या जोड्याला पहिलेच कारण लागू पडते. मुलांच्या जोड्यात मात्र दोन्ही कारणांची शर्यत लागलेली असते. पाय वाढायच्या आधी फाटला तर जोडा कच्चा निघाला. पाय वाढला तरी जोडा धडधाकट असेल तर तो धाकट्या भावंडाच्या कामी येतो. धाकटे भावंड नसेल तर त्यावरचा जादा खर्च वाया गेला. त्यामुळे मुलांच्या जोड्याचा टिकाऊपणा वर्षांत मोजायचा नसतो. पाय वाढून जाईपर्यंतचे काही महिने तो कोणत्या जमिनीवर, कोणत्या ऋतूत काढतो, हे पाहावे लागते.

जमीन आणि ऋतू

वडीगोद्री हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले, सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावरचे गाव. दक्षिणेला शहागडजवळ गोदावरी वाहते. अंबड-घनसावंगी भागाला जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी मिळते, त्यामुळे कापूस आणि तुरीच्या जोडीने ऊस आणि मोसंबीही पिकते. समर्थ सहकारी साखर कारखाना याच तालुक्यात अंकुशनगरला आहे. शिवारातली जमीन बहुतांशी काळी आणि भारी. मुलांच्या पादत्राणांची कसोटी याच मातीत लागते.

पावसाळ्यात ही माती तळाला चिकटते. चार पावले टाकली की तळाखाली चिखलाचा दुसरा तळ तयार होतो आणि जोडा दुप्पट जड होतो. मूल पाय उपसते तेव्हा सगळा ताण पट्ट्यावर, नाही तर तळ आणि वरच्या भागाच्या सांध्यावर येतो. चिखलात चपलेचा अंगठा तुटतो किंवा बुटाचा तळ उकलतो तो यामुळेच. दिवाळीनंतर जमीन वाळते आणि पीक निघाल्यावर मागे खुंट उरतात. विळ्याने तिरपी छाटलेली तूर, पऱ्हाटीचे बुडखे आणि तोडलेल्या उसाची खोडे मऊ तळ सहज भेदतात. बांधावरच्या बाभळी-बोरींचे काटे आणि वाटेवरचे सराटे यांची त्यात भर पडते. मार्चनंतर उन्हाचा चटका सुरू होतो. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर गेला की डांबरी रस्ता अनवाणी पायाला सोसत नाही, आणि हलक्या प्लॅस्टिकचा तळही त्यावर मऊ पडतो.

चिखल, खुंट आणि ऊन या तिन्हींना पुरून उरेल असे एकच पादत्राण मिळत नाही. पाणी आत न घेणाऱ्या बुटात उन्हाळ्यात पाय घामाने शिजतो, उघड्या सँडलीत काटा शिरतो, आणि खुंटाला दाद न देणारा जाड तळ पाच वर्षांच्या पायाला जड होतो.

पायाची वाढ आणि नंबरचे गणित

एक ते तीन वर्षांच्या मुलाचे पाऊल महिन्याला साधारण दीड मिलिमीटरने वाढते. तीन ते सहा वर्षांच्या काळात हा वेग महिन्याला एक मिलिमीटरच्या आसपास येतो आणि सहा ते दहा वर्षांत वर्षाला आठ ते दहा मिलिमीटरवर स्थिरावतो. बाजारात चालणारा इंग्रजी नंबर एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे जवळपास साडेआठ मिलिमीटरचा असतो. मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि पुन्हा एकपासून सुरू होतात. त्यामुळे तेरा नंबर तोकडा झाला की एक नंबर मागावा लागतो, आणि नवख्या पालकाचा इथे हमखास गोंधळ उडतो. युरोपीय नंबर सेंटिमीटरच्या दोन तृतीयांशाने वाढतात. मुलांचा इंग्रजी दहा नंबर युरोपीय अठ्ठावीसच्या जवळपास येतो.

सर्वांत लांब बोटापुढे दहा ते बारा मिलिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या अंगठ्याच्या रुंदीच्या सुमारे निम्मी जागा मोकळी असलेला जोडा योग्य मापाचा. ती जागा पाच मिलिमीटरच्या खाली आली की बोटे पुढे टेकू लागतात. म्हणजे वाढीसाठी हाती असतात ते सुमारे सात मिलिमीटर. अंगणवाडीच्या वयात ते सहा-सात महिन्यांत संपतात आणि पहिली-दुसरीच्या मुलाला आठ-नऊ महिने पुरतात. लहान मुलाच्या जोड्याचे आयुष्य एवढेच. याहून जास्त टिकण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवण्यात अर्थ नाही.

अनेक घरांत मात्र ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून दोन नंबर मोठा बूट घेतात. त्यात पायाला पुढे सतरा मिलिमीटर जादा जागा मिळते. हिशेब काटकसरीचा वाटला तरी तो उलटा पडतो. पाऊल जिथे मुडपते तिथे बूट मुडपत नाही. घडी भलत्याच जागी पडते आणि तिथेच वरचा भाग चिरतो. पुढचे रिकामे टोक जमिनीवर घासते, त्याला ठेचा लागतात आणि तळ तिथून तोंड उघडतो. टाच निसटते म्हणून मूल बुटाची मागची बाजू चेपून त्याची चप्पल करून टाकते. पाय त्या मापाला येईतो बूट संपलेला असतो.

लांबीइतकीच रुंदीही महत्त्वाची असते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांच्या पायांची त्रिमितीय मापे घेतली. भारतीय पाऊल परदेशी मापांच्या मानाने रुंद असल्याचे त्यात दिसले. अरुंद बूट चावतो म्हणून लोक लांब बूट घेतात आणि मग तो सैल होतो, ही तक्रार त्यामुळे समजते. या पाहणीवरून ‘भ’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली. तिच्या आठ गटांत तान्ही बाळे, एक ते तीन वर्षे, चार ते सहा वर्षे आणि सात ते अकरा वर्षे असे लहान मुलांचे चार गट आहेत.

माप घेण्याला साधन लागत नाही. बाजाराला जाताना मुलाच्या पावलाएवढी काडी मोडून किंवा सुतळी कापून नेण्याची खेड्यात रीत आहे. ती उपयोगी आहे. फक्त मूल उभे असताना माप घ्यावे, कारण अंगाचा भार पडला की पाऊल पसरते. भिंतीला टाच टेकवून कागदावर दोन्ही पावले उभी करावीत, सर्वांत लांब बोटापाशी खूण करावी आणि मोठ्या पावलाचे माप धरावे. माप संध्याकाळी घेतले तर दिवसभरात पायाला आलेली थोडी सूजही त्यात मिळून जाते. हाच कागद कापून दुकानातल्या बुटात घातला की पुढे किती जागा उरते ते दिसते.

अनवाणी की पायात काही

लहान मुलाला बूट लवकर घालावेत असा समज आहे. वैद्यकीय अभ्यास तसे सांगत नाहीत. राव आणि जोसेफ यांनी १९९२ मध्ये कर्नाटकातील ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत २.८ टक्के आढळले. बंद बूट घालणाऱ्यांत ते चप्पल-सँडल वापरणाऱ्यांपेक्षा जास्त होते. लहानपणी तळव्याखाली चरबीची गादी असते आणि कमान हळूहळू घडते. पाऊल मोकळे हलले की त्याचे स्नायू बळकट होतात. घरात, ओट्यावर, सारवलेल्या अंगणात मूल अनवाणी खेळले तर काही बिघडत नाही.

शिवारात मात्र अनवाणी फिरण्याची किंमत मोजावी लागते. अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या, विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून पायाच्या कातडीवाटे शरीरात शिरतात, आतड्यात रक्त पितात आणि मूल फिकट पडते. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो आणि १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. गोळीने पोटातले जंत पडतात. पण मूल पुन्हा त्याच मातीत अनवाणी गेले तर नवे शिरतात. काट्याची जखम, धनुर्वाताची भीती आणि तापलेला रस्ता ही कारणे वेगळीच. घरात मोकळे पाऊल आणि शिवारात झाकलेले पाऊल, अशी विभागणी या भागात योग्य ठरते.

ऊसतोडणीच्या फडावर ही विभागणी राहत नाही. दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उसाच्या फडात उतरतात. ज्यांची मुले गावातल्या हंगामी वसतिगृहात राहत नाहीत त्यांची ती बरोबर येतात आणि पाचटात, खोडक्यांत दिवस काढतात. जोड्याची खरी गरज या मुलांना असते, आणि त्यांच्या पायात बहुतेक वेळा असते ती रबरी चप्पल.

साहित्य आणि घडण

रबरी हवाई चप्पल सर्वांत स्वस्त आणि चिखलात सर्वांत सोयीची. धुतली की वाळते, तुटली तर नुसते पट्टे बदलता येतात. तिचा दोष पट्ट्याच्या बुंध्याशी असतो. तळाचे भोक रुंदावले की बुंधा वर निसटतो. घरोघरी त्यात सेफ्टी पिन अडकवतात आणि आणखी महिनाभर चप्पल चालते. पण हवाई चपलेत मूल धावू शकत नाही, टाच उघडी राहते आणि खुंट आरपार जातो.

पट्ट्याची सँडल धावण्याच्या कामाची असते. एकसंध ओतलेली प्लॅस्टिकची सँडल चिखलाला उत्तम, कारण तिच्यात सांधाच नसतो. स्वस्त प्लॅस्टिक मात्र उन्हात कडक होते, घडीपाशी चिरते आणि तिच्या कडा पायाला लागतात. कापडी किंवा कृत्रिम पट्ट्यांची सँडल मऊ असते; तिच्यात पट्टा तळाच्या आत किती खोल गेला आहे ते पाहावे. पट्टा तळाच्या कडेला नुसता चिकटवलेला असेल तर पहिल्याच पावसात सुटतो. चिकटपट्टी लहान मुलाला स्वतः लावता येते, पण तिच्या आकड्यांत माती आणि गवताची कुसळे भरली की ती धरत नाही. दात घासायच्या जुन्या ब्रशने ती साफ करता येते. बक्कल जास्त टिकते, फक्त ते गंज न चढणारे हवे.

कॅनव्हासचा बूट हवेशीर आणि हलका असतो. त्याच्या चांगल्या प्रकारात रबरी तळ कापडावर उष्णतेने पक्का केलेला असतो आणि सहसा सुटत नाही. मात्र तो भिजला की वाळायला दोन दिवस घेतो. शाळेचा काळा बूट बहुधा कृत्रिम कातड्याचा असतो. त्याचा तळ साच्यातून थेट वरच्या भागावर ओतलेला असेल तर सांधा मजबूत होतो. नुसता डकवलेला तळ सर्वांत आधी उकलतो. खरे कातडे पायाचा आकार घेते आणि हवा खेळू देते, पण काळ्या चिखलात रोज भिजले तर ताठरते, आणि सहा-सात महिन्यांच्या वापरासाठी ते महागही पडते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे कातडे वनस्पतीजन्य पद्धतीने कमावलेले असल्यामुळे पाणी तिला सोसत नाही. लहान मुलाच्या रोजच्या वापराची ती नव्हे. ट्रकच्या टायरपासून केलेली चप्पल खुंट-काट्याला पुरून उरते, पण तिचे वजन मोठ्या माणसालाच पेलते.

तळाच्या साहित्यात फोमसारखा मऊ ‘ईव्हीए’ हलका असतो, पण त्यात काटा सहज शिरतो आणि तो लवकर दबतो. रबर जड असते, पण झिजेला आणि घसरण्याला चांगले. ‘पीयू’चा तळ हलका आणि मजबूत असतो, मात्र दमट हवेत पडून राहिला तर त्याची रासायनिक बांधणी सुटते आणि तो न वापरताही भुगा होतो. दुकानात बरेच दिवस पडून असलेला माल स्वस्तात मिळतो तेव्हा तळ दाबून, वाकवून पाहावा तो याचसाठी. काळ्या मातीसाठी तळाच्या खाचा रुंद आणि उथळ असाव्यात. अरुंद, खोल खाचांत चिखल अडकून बसतो.

झीज कुठे होते

मुलांचा जोडा मोठ्यांच्या जोड्यासारखा झिजत नाही. मोठ्यांची टाच आधी जाते, मुलांचे टोक आधी जाते. मूल उकिडवे बसते, गुडघ्यांवर रांगत गोट्या खेळते, उतारावर सायकल पाय घासून थांबवते. म्हणून टोकावर रबराची जादा पट्टी चढवलेला जोडा थोडा महाग असला तरी परवडतो.

दुसरी झीज आपल्याकडच्या रिवाजातून येते. घर, अंगणवाडी, वर्ग, देऊळ असे ठिकठिकाणी मूल दिवसातून पाच-सात वेळा जोडा काढते आणि घालते. घाईत टाच दाबून पाय कोंबला की मागची बाजू मोडते, आणि एकदा मोडली की ती पुन्हा उभी राहत नाही. नाडीच्या बुटापेक्षा झटकन उघडणारा बूट इथे जास्त टिकतो, मग त्याचे साहित्य तेच असले तरी. वर्गाबाहेर काढलेले जोडे पागोळ्यांखाली भिजतात आणि एकाचा जोडा दुसऱ्याच्या पायात जातो. पट्ट्याला आतून रंगीत दोरा बांधला तर एवढी अदलाबदल टळते.

खरेदी आणि शाळेचे बूट

आठवडी बाजारातल्या ढिगात किंमत कमी असते, पण जोडा परत करता येत नाही. तालुक्याच्या दुकानात नंबर बदलून मिळतो. मुलांच्या बाबतीत ही सोय चार पैसे जास्त देण्याइतकी मोलाची आहे. २०२४ पासून पादत्राणांवर भारतीय मानक ब्युरोचे गुणवत्ता नियंत्रण लागू झाले. हवाई चपलेवर आयएस १०७०२ आणि सँडल-सपातीवर आयएस ६७२१ हा क्रमांक आयएसआय चिन्हासोबत असतो. छोट्या उत्पादकांना सवलत आहे, म्हणून चिन्ह नसलेला प्रत्येक जोडा वाईट ठरत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडीवर ५ टक्के जीएसटी आहे. त्याआधी हजार रुपयांपर्यंतच्या जोडीवरही १२ टक्के होता.

विकत घेताना तीन गोष्टी हाताने तपासता येतात. टोक आणि टाच धरून बूट वाकवावा. तो पुढच्या एक तृतीयांशात, बोटांच्या मुळाशी मुडपला पाहिजे. मधोमध दुमडणारा बूट नाकारावा. मागची बाजू अंगठ्याने दाबावी. ती ताठ असावी. तळ आणि वरचा भाग जिथे मिळतो तिथे नख फिरवावे. फट लागली तर पाणी तिथूनच शिरणार.

राज्य शासनाने २०२३-२४ पासून शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना मोफत गणवेशासोबत एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे देण्याची योजना आणली. त्यासाठी प्रति विद्यार्थी १७० रुपये ठरले आणि खरेदीची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. गावातले एकही मूल बुटाविना राहू नये, हा योजनेचा मोठा लाभ. मात्र मोज्यांसह १७० रुपयांत जाड तळाचा, शिलाईचा बूट बसत नाही. एवढ्या रकमेत समितीच्या हाती दोनच गोष्टी उरतात: मागणी नोंदवण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे पाऊल मोजणे, आणि माल आल्यावर काही जोड्या वाकवून पाहणे. इयत्तेवरून सरसकट नंबर मागवले तर बूट फाटायच्या आधीच कोपऱ्यात पडतात.

निगा आणि दुरुस्ती

भिजलेला बूट चुलीजवळ किंवा भर उन्हात वाळवला की डिंक सुटतो आणि प्लॅस्टिक आक्रसते. आतली पट्टी काढून, कागदाचे बोळे कोंबून तो सावलीत वाळवावा. बोळे एकदा बदलले तर रात्रीत कोरडा होतो. काळी माती ओली असताना खरवडली की शिवणीत जाते. ती एक तर लगेच पाण्याने धुवावी, नाही तर पूर्ण वाळू देऊन झटकावी. रात्री कोपऱ्यात ठेवलेला बूट सकाळी उलटा करून आपटल्याशिवाय मुलाच्या पायात घालू नये. विंचवाला अशी अंधारी जागा आवडते.

दुरुस्तीचे काम गटई कामगार करतो. उकललेला बूट हाती आला की तो आधी रापीने जुना, वाळलेला डिंक खरवडतो, दोन्ही बाजू खरखरीत करतो, त्यांवर सोल्युशन लावतो आणि ते जरा सुकू देतो. ओल्यावरच दाबले तर सांधा धरत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. मग ऐरणीवर ठोकून, तळाच्या कडेने खाच पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याने आरीची शिलाई घालतो. खाच पाडल्यामुळे दोरा तळात बुडतो आणि जमिनीवर घासत नाही. नवा बूट विकत घेतल्या दिवशीच अशी शिलाई मारून घेतली तर डकवलेला तळ पावसाळा सहज काढतो. या कारागिरांसाठी संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ पासून आहे, आणि समाजकल्याण विभाग त्यांना पत्र्याचे स्टॉल देतो. ओतीव प्लॅस्टिकच्या जोड्याला मात्र टाका धरत नाही, त्यामुळे तसे जोडे वाढले की गटईचे काम कमी होते.

थोरल्याचा जोडा धाकट्याला देताना तो सपाट जागी ठेवून मागून पाहावा. टाच एका बाजूला झिजली असेल तर धाकट्याचे पाऊलही त्याच बाजूला कलते. झीज सारखी असेल तर नवी आतली पट्टी घालून तो खुशाल द्यावा.

निष्कर्ष

या सगळ्याचा विचार केला तर वडीगोद्रीसारख्या गावात मुलांच्या जोड्याचे बरेचसे नुकसान खरेदीच्या वेळेतूनच होते. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, तेव्हाच नवे बूट घेतले जातात आणि पहिल्याच महिन्यात काळ्या चिखलात जातात. त्याऐवजी जूनमध्ये मापाची, एकसंध सँडल घ्यावी आणि बंद बूट पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या सुमारास घ्यावा. तोवर पाऊल थोडे वाढलेले असते, त्यामुळे माप पुन्हा घ्यावे लागते. तो बूट खुंटांच्या दिवसांत पायाचे रक्षण करतो, उन्हाळ्यात रस्त्याचा चटका अडवतो आणि पाय वाढून जाईपर्यंत पुढचा जून उजाडतो. दोन नंबर मोठ्या एका महाग बुटापेक्षा मापाचे असे दोन साधे जोड वर्षभर जास्त टिकतात.